अपोलो

दोन दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही.
आन्लोगाला, खाजण आणि समुद्राच्या मधल्या
चिंचोळ्या वाळूवर
दिवसभर कांद्याच्या जुड्या बांधणाऱ्या बाईचे डोळे
लाल असणार, वाहणार,
यात नवल ते काय?

तिसऱ्या सकाळी आक्पेनेच्या पापण्या उघडेनात.
रात्रीत कुणी पिवळ्या दोऱ्याने
शिवून टाकल्यासारख्या.
शेजारचा एलिकेम कुंपणावरून डोकावला
आणि गल्लीभर ओरडत सुटला,
"अपोलो आला! अपोलो आला!"

आपण म्हणतो, डोळे आले.
पाहुणे येतात तसे, न कळवता,
आणि मग घरातल्या एकेकाकडे मुक्काम.
इथे अपोलो येतो.
माणसं चंद्रावर उतरली त्याच वर्षी
ही लाली या किनाऱ्यावर उतरली.
म्हातारे अजून सांगतात:
तिकडे वर त्यांनी धूळ उडवली,
ती गेली आमच्या डोळ्यांत.

दुपारपर्यंत दाराशी औषधांची रांग.
काफुई, काखेत तान्हं:
"दोन थेंब दुधाचे. माझ्या आईने माझ्या डोळ्यांत असेच पिळले होते."
आग्बेको मास्तर, हातात चहाची ओली पुडी.
कुणाचं साखरपाणी.
कुणाचा कडू पाल्याचा रस,
वाटीत अजून फेस धरून असलेला.
न्हावी सेलासी इकडेतिकडे बघत, आवाज खाली आणून
सकाळच्या पहिल्या धारेचे गुण सांगू लागला.

उंबऱ्यावर थोरली बहीण आब्ला.
पाय वाटेत पसरलेले, मांडीवर लाकडी डाव.
"डोळ्यात काही जाणार नाही."

पण कुणी आणलेलं परत कसं पाठवायचं?
दूध? "ज्याचं त्याला पाज, बघ कसा तोंड वासतोय."
साखरपाणी तिने मास्तरांच्या चहात ओतलं
आणि उभ्याउभ्या पिऊन टाकलं.
रस गेला रश्श्यात, सुक्या मासळीच्या सोबतीला.
"आणि सेलासी, तुझं तुझ्याकडेच ठेव."

सगळे हसले.
आब्लाही हसली, मान जराशी वळवून,
उजवी बाजू भिंतीकडे करून.
त्या डोळ्यात फूल आहे.

चंद्राच्या वर्षी ती अकराची होती.
कुणीतरी मायेने, खरंच मायेने,
पानं ठेचून रस सोडला होता.
त्यात मिरचीचं बी होतं की नव्हतं
यावर घरात अजून वाद आहे.
लाली आठवड्यात गेली,
फूल राहिलं.
मसुराएवढं, पांढरं.
माळता येत नाही,
कोमेजत नाही.

म्हणून आब्ला फक्त पाणी उकळते.
खाजणातल्या मिठाची चिमूट टाकते,
झाकून निवू देते, आधी स्वतःच्या मनगटावर बघते.
जुन्या निळ्या लुगड्याच्या पट्ट्या.
या डोळ्याची त्याला नाही,
वापरलेली परत भांड्यात नाही.
कोपरापर्यंत हात धुते, आधी आणि नंतर.
आक्पेनेची उशी, टॉवेल, सगळं वेगळं.
दवाखान्यातल्या नर्सचं एक वाक्य
तिने पदराला गाठ मारून ठेवलंय:
दुखलं, उजेड सोसेना, दिसणं धूसर झालं,
तर घरी बसू नका.
रोज संध्याकाळी तेवढं विचारते.
"दुखतंय?"
"खाज आहे नुसती."
"चोळू नकोस."
"नाही चोळत."
"चोळतेयस. मला एका डोळ्याने दिसतंय."

सातव्या दिवशी पापण्या आपल्या आपण उघडल्या.
समोर बहिणीचं तोंड, फार जवळ,
चांगल्या डोळ्याने तिच्या बुबुळात काहीतरी शोधणारं.
बराच वेळ.
मग आब्ला उठली,
काही न बोलता डाव चुलीपाशी ठेवला.

दुपारी दोघी जुड्या बांधायला बसल्या.
आक्पेनेच्या गालावरून पाणी वाहू लागलं
तशी आब्ला दचकली.
"कांदा आहे गं," आक्पेने म्हणाली.
आणि आब्लाच्या दोन्ही डोळ्यांतून,
फुलाच्याही,
तेच वाहत होतं.